वेष्टनावरचे शब्द : शुल्कसूचीच्या इतिहासातील एक प्रश्न

साहित्याच्या अभ्यासकाने सीमाशुल्काची सूची उघडून वाचावी, असा प्रसंग सहसा येत नाही. ती सूची आयातदारांसाठी, क्लिअरिंग एजंटांसाठी आणि कस्टम खात्याच्या अधिकाऱ्यांसाठी लिहिलेली असते. तिची भाषा रुक्ष, वाक्यरचना गुंतागुंतीची, आणि तिच्यात नायक-नायिका कोणी नाही. तरीही तिच्यातील एक प्रश्न थेट आपल्या विषयाचा आहे. एखाद्या वस्तूवर मजकूर छापला, तर ती वस्तू मजकुराची होते की तो मजकूर वस्तूचा होतो? पुस्तक आणि बिस्किटाचा पुडा या दोहोंवर अक्षरे असतात. मग एकाला छापील साहित्य म्हणायचे आणि दुसऱ्याला प्लॅस्टिक, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवले?

परदेशातून येणाऱ्या छापील प्लॅस्टिक वेष्टनांवर कोणत्या शीर्षाखाली शुल्क घ्यायचे, या वादाच्या मुळाशी हा प्रश्न आहे. त्या वादाचा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, शुल्कसूचीने छपाईचे स्थान ठरवताना मजकुराची लांबी, दर्जा किंवा सौंदर्य कधीच पाहिले नाही. ती वस्तू मुळात कशासाठी आहे, एवढेच तिने विचारले. ही कसोटी मोठी शहाणपणाची आहे. पण वेष्टनाचे काम काय, हे आपल्याला कायमचे ठाऊक आहे असे ती गृहीत धरते, आणि तेथेच ती अपुरी पडते.

१

आधी प्रश्न प्रत्यक्षात कसा उभा राहतो ते पाहू. फरसाण करणाऱ्या एखाद्या मध्यम कारखानदाराने परदेशातून वेष्टनाचे साहित्य मागवले आणि ते न्हावा-शेवा बंदरात उतरले, अशी कल्पना करा. कंटेनरमध्ये पाच प्रकारचा माल आहे. पहिला, कारखान्याचे नाव आणि चित्र ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा छापलेल्या प्लॅस्टिक फिल्मचे रोल. दुसरा, त्याच फिल्मचे तीन बाजूंनी बंद केलेले तयार पाऊच. तिसरा, मागे गोंद असलेली प्लॅस्टिकची लेबले. चौथा, गोंद नसलेली प्लॅस्टिकची लेबले. पाचवा, दुकानात टांगण्यासाठी प्लॅस्टिकच्या पत्र्यावर छापलेली जाहिरात. पाचांवर चित्र तेच, अक्षरे तीच आणि कदाचित शाईही तीच.

शुल्कसूचीत मात्र यांची घरे वेगवेगळी आहेत. रोल हे प्लॅस्टिकच्या ३९ व्या प्रकरणात, ३९.२० किंवा ३९.२१ या शीर्षाखाली जातात. त्या प्रकरणाची एक टीप सांगते की, फिल्म अखंड असेल किंवा चौकोनी-आयताकृती कापलेली असेल आणि तिच्यावर त्यापुढचे काम झालेले नसेल, तर ती फिल्मच राहते. मग तिच्यावर छपाई असो वा नसो. म्हणजे रोलच्या बाबतीत अक्षरांना काहीही वजन नाही. तीच फिल्म कापून, कडा जोडून पाऊच केला, की ती मालाच्या वाहतुकीसाठी व बांधणीसाठी असलेल्या प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या ३९.२३ या शीर्षाखाली येते. तेथेही पॉलिइथिलिनची पिशवी असेल तर एक उपशीर्ष, इतर प्लॅस्टिकची असेल तर दुसरे. फिल्मला ॲल्युमिनियमचा वर्ख जोडलेला असेल तर वाद ७६ व्या प्रकरणापर्यंत जाऊ शकतो, कारण ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाचे शीर्षही तो छापलेला असो वा प्लॅस्टिकच्या अस्तराचा असो, त्याला आपल्यातच घेते.

गोंदाची लेबले ३९.१९ मध्ये. दुकानातली जाहिरात मात्र प्लॅस्टिकची असूनही प्लॅस्टिकमध्ये राहत नाही. ती मुद्रण-उद्योगाच्या ४९ व्या प्रकरणात, ४९.११ या शीर्षाकडे जाते. उरली बिनगोंदाची लेबले. कागदाच्या लेबलांसाठी सूचीत ४८.२१ हे स्वतंत्र शीर्ष आहे आणि ती छापील असोत वा कोरी, तेथेच जातात. प्लॅस्टिकच्या लेबलांसाठी असे स्वतंत्र घर नाही. म्हणून खरी चर्चा येथे सुरू होते: या लेबलात मुख्य काय, प्लॅस्टिक की अक्षर?

आणखी एक नियम सांगितल्यावाचून हे चित्र पुरे होत नाही. सूचीच्या अर्थनिर्णयाचे सहा सर्वसाधारण नियम आहेत. त्यांपैकी पाचवा असा की, माल ज्या वेष्टनात भरून येतो ते वेष्टन त्या मालासाठी नेहमी वापरले जाणारे असेल, तर त्याचे वर्गीकरण मालाबरोबरच होते. बिस्किटे भरलेला पुडा आला तर तो बिस्किटच. तोच पुडा रिकामा आला की त्याला स्वतःचे नाव, स्वतःचे शीर्ष आणि स्वतःचा दर मिळतो. वेष्टनाला स्वतंत्र अस्तित्व रिकामे असतानाच मिळते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

२

छपाईमुळे एखादी वस्तू कायद्याच्या नजरेत दुसरीच होते, ही कल्पना प्लॅस्टिकपेक्षा फार जुनी आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय भारतीय मालाभोवतीच लिहिला गेला.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचे छापील व रंगवलेले सुती कापड, म्हणजे आपल्याकडची चीट, इंग्लंडमध्ये इतके लोकप्रिय झाले की तेथील लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांनी त्याविरुद्ध ओरड केली. १७०० साली इंग्लंडच्या संसदेने कायदा केला, आणि १७०१ पासून हिंदुस्थान, चीन व इराणातून येणारे रंगीत व छापील कापड देशात वापरण्यास बंदी झाली. ते गोदामात ठेवून पुन्हा परदेशी पाठवायला परवानगी होती. पण बंदी होती ती छपाईवर. कोरे सुती कापड शुल्क भरून आणता येत होते. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. कोरे कापड येऊ लागले आणि त्यावर इंग्लंडमध्येच छपाई होऊ लागली. विणकर तेच, सूत तेच, बंदरही तेच. हिंदी छिप्याचा हात तेवढा त्या व्यवहारातून काढून टाकला गेला.

पुढे १७१२ साली इंग्लंडमध्ये एक करकायदा झाला. त्याच्या लांबलचक शीर्षकात साबण आणि कागद आहेत, छापील व रंगवलेले रेशीम आणि सुती कापड आहे, आणि त्याच दमात छापील कागद, पुस्तिका व जाहिरातीही आहेत. छापलेले कापड आणि छापलेली पुस्तिका यांना एकाच कायद्याने एकत्र पकडले. यातील पुस्तिका व वृत्तपत्रांवरील कराला पुढच्या शतकातील सुधारकांनी 'ज्ञानावरचा कर' असे नाव दिले; जाहिरातींवरचा कर १८५३ मध्ये, वृत्तपत्रांवरचा मुद्रांक १८५५ मध्ये आणि कागदावरचा कर १८६१ मध्ये गेला. कापडाच्या बाबतीत संसद आणखी पुढे गेली. १७२० च्या अधिवेशनातील कायद्याने १७२२ च्या नाताळापासून बहुतेक छापील सुती कापड अंगावर घालण्यावर वा घरात वापरण्यावरच बंदी आणली, मग ते इंग्लंडमध्ये छापलेले का असेना. ही बंदी उठायला १७७४ साल उजाडावे लागले.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. छपाई ही वस्तूवर बसलेली निव्वळ शोभा नसून ती स्वतंत्र उद्योग आहे, हे राज्यकर्त्यांनी फार लवकर ओळखले. आणि 'कोरे' व 'छापील' यांच्यामधली रेघ शुल्काच्या कागदावर ओढली गेली, की तिचा परिणाम हजारो मैलांवरच्या कारागिरांच्या पोटावर होतो. वर्गीकरण हे निरागस वर्णन कधीच नसते.

३

आजची सूची मात्र एका देशाच्या संसदेने लिहिलेली नाही. राष्ट्रसंघाच्या काळात, १९३० च्या दशकात, देशोदेशींच्या सूचींना समान भाषा द्यावी म्हणून जिनिव्हा येथे एक नामावली तयार झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, डिसेंबर १९५० मध्ये ब्रसेल्सला नव्या नामावलीचा करार झाला. तिचीच वाढ होऊन १४ जून १९८३ रोजी ब्रसेल्समध्येच 'सुसंवादी पद्धती' म्हणून ओळखला जाणारा करार स्वीकारला गेला आणि १ जानेवारी १९८८ पासून तो अमलात आला. भारताच्या १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याची सूची ब्रसेल्सच्या जुन्या नामावलीवर बेतलेली होती. नव्या पद्धतीची सूची भारताने २८ फेब्रुवारी १९८६ पासूनच, म्हणजे कराराच्या अंमलाआधीच, लागू केली. केंद्रीय उत्पादन शुल्काची सूचीही त्याच दिवशी त्याच साच्यात आली.

या पद्धतीत २१ विभाग आहेत आणि प्रकरणांचे क्रमांक ९७ पर्यंत जातात. त्यांत ७७ वे प्रकरण पुढेमागे लागेल म्हणून रिकामे ठेवले आहे. कच्च्या मालापासून पक्क्या मालाकडे, जिवंत जनावरांपासून कलाकृतींपर्यंत, असा तिचा क्रम. जगातल्या प्रत्येक वस्तूला नेमके एक स्थान असलेच पाहिजे, ही तिची प्रतिज्ञा आहे. आपल्या कोशकारांनाही अशी प्रतिज्ञा करण्याचे धाडस झाले नसते. आणि कोणत्याही मोठ्या सूत्रग्रंथाप्रमाणे हिलाही भाष्य आहे: प्रत्येक शीर्षावरच्या स्पष्टीकरणात्मक टिपा. १९९५ साली वुड क्राफ्ट प्रॉडक्ट्स प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, आपली सूची या पद्धतीवर बेतलेली असल्याने शंका आली तर पारिभाषिक कोशापेक्षा या पद्धतीचा आणि तिच्या टिपांचा आधार घेणे इष्ट.

यापूर्वीची कसोटी निराळी होती. १९६१ साली अकोल्याच्या विड्याच्या पानांच्या व्यापाऱ्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. भाज्यांना विक्रीकर माफ होता. मग नागवेलीचे पान ही भाजी की नाही? वनस्पतिशास्त्राच्या अर्थाने ती भाजीत बसवता येईल, पण बाजारात भाजी आणायला गेलेला माणूस पाने घेऊन परत येत नाही, अशा आशयाचा विचार करून न्यायालयाने पानाला भाजीतून वगळले. लोकव्यवहारातला अर्थ हा कोशातल्या अर्थापेक्षा मोठा, हे तत्त्व या निकालामुळे करविषयक वादांत पक्के रुजले. अकोला ते ब्रसेल्स हा प्रवास म्हणजे बाजाराच्या बोलीकडून भाष्यकाराच्या टीपेकडे झालेला प्रवास होय.

४

आता त्या मूळ टीपेकडे येऊ. सातव्या विभागाची, म्हणजे प्लॅस्टिक आणि रबराच्या विभागाची, दुसरी टीप आशयाने अशी आहे: ३९.१८ आणि ३९.१९ या शीर्षांतला माल सोडून, ज्या प्लॅस्टिक किंवा रबराच्या वस्तूंवर आकृत्या, अक्षरे वा चित्रे छापली आहेत, आणि ती छपाई वस्तूच्या मुख्य उपयोगाच्या तुलनेत केवळ दुय्यम नाही, अशा वस्तू ४९ व्या प्रकरणात जातील. कागदाच्या ४८ व्या प्रकरणातही जवळजवळ याच शब्दांची टीप आहे. इंग्रजी संहितेत पूर्वी या जागी 'आनुषंगिक' अशा अर्थाचा शब्द होता. अलीकडच्या आवृत्तीत तो जाऊन 'दुय्यम' अशा अर्थाचा आला आहे. बदल एका शब्दाचा, पण मुद्दा स्पष्ट करणारा. आनुषंगिक म्हणजे सहज बरोबर आलेले. दुय्यम म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी हाताखाली असलेले. छपाई योगायोगाने झालेली नाही, मुद्दाम केलेली आहे. तरीही ती कोणाच्या तरी सेवेत असू शकते.

संस्कृत शास्त्रपरंपरा ठाऊक असलेल्या वाचकाला हा विचार परका वाटणार नाही. जैमिनीने पूर्वमीमांसेच्या तिसऱ्या अध्यायात 'शेष' कशाला म्हणावे याचे विवेचन केले आहे, आणि त्याचे उत्तर आहे: जे दुसऱ्यासाठी असते ते शेष. यज्ञात भात कांडतात तो पुरोडाशासाठी; म्हणून कांडणे शेष आणि ज्याच्यासाठी ते आहे तो शेषी. कांडण्याला किती वेळ लागला, त्यात किती श्रम पडले, हा प्रश्नच नाही. शुल्कसूचीची टीप नेमके हेच विचारते. पाऊचवरची अक्षरे कोणासाठी आहेत? पाऊचसाठी, म्हणजे आतल्या मालासाठी. मग ती शेष. दुकानात टांगलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावरची अक्षरे कोणासाठी? येथे पत्राच अक्षरांसाठी आहे. मग अक्षरे शेषी, आणि वस्तू मुद्रणाच्या प्रकरणात.

काव्यशास्त्रात हीच विभागणी आनंदवर्धनाने व्यंग्यार्थाबाबत केली. व्यंग्यार्थ प्रधान असेल तर ध्वनी. तो वाच्यार्थाच्या हाताखाली असेल तर गुणीभूतव्यंग्य. मात्र त्याने पुढे एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे, जी ब्रसेल्सच्या टीपेत नाही: रसाच्या तात्पर्याच्या दृष्टीने पाहिले, तर गुणीभूतव्यंग्यही पुन्हा ध्वनीचे रूप घेते. म्हणजे गौण कोण आणि प्रधान कोण, हे आपण कोणत्या पातळीवर विचारतो यावर अवलंबून आहे. पुढच्या न्यायनिवाड्यांत नेमकी हीच अडचण दिसते.

५

भारतातील हा वाद प्रथम कागदावर आणि उत्पादन शुल्काच्या निमित्ताने लढला गेला. पण छापील वस्तूत प्रधान काय, हा प्रश्न दोन्ही शुल्कांत सारखाच असल्याने प्लॅस्टिकच्या आयातीलाही तो तसाच लागू पडतो. १९७५ च्या एका अधिसूचनेने मुद्रण-उद्योगाच्या उत्पादनांना, वृत्तपत्रे व नियतकालिके धरून, उत्पादन शुल्कातून सूट दिली होती. छापील पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्यांनी ही सूट मागितली. खोक्यावर छपाई आहे, छपाईवाचून ग्राहक खोके घेत नाही. मग ते मुद्रण-उद्योगाचे उत्पादन नव्हे काय? १९९४ साली रोलाटेनर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. छापखाना स्वतःच्या बळावर खोके निर्माण करू शकत नाही. कापणे, घडी घालणे, चिकटवणे यांनी खोके होते आणि छापल्यावरही ते खोकेच राहते. म्हणून ते वेष्टन-उद्योगाचे उत्पादन.

दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, मेटाग्राफ्स प्रकरणात ॲल्युमिनियमच्या छापील लेबलांचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला. या वेळी उत्तर उलट मिळाले. लेबलाचे सगळे काम सांगण्याचे आहे. छपाई काढली तर उरतो तो धातूचा निरुपयोगी तुकडा. तेथे छपाई दुय्यम नसून तीच मुख्य, म्हणून लेबल मुद्रण-उद्योगाचे. दोन्ही निकाल एकत्र वाचले की एक सोपी कसोटी हाती येते: छपाई पुसून टाका आणि उरलेली वस्तू तेच काम करते का ते पाहा. कोऱ्या खोक्यात माल भरता येतो. कोरे लेबल काहीच करत नाही.

आता तिसरा निकाल पाहा. २०१५ मध्ये फिट्राइट पॅकर्स प्रकरणात प्रश्न होता वेष्टनाच्या कागदाच्या मोठ्या रोलवर ग्राहक-कंपनीचे नाव, बोधचिन्ह आणि आकृती छापण्याचा. एवढ्याने नवी वस्तू निर्माण झाली का? झाली, असे न्यायालयाने म्हटले. कोरा कागद कोणत्याही मालाला गुंडाळता आला असता. छापल्यावर तो एकाच कंपनीच्या एकाच मालाला उपयोगी राहिला. ही केवळ मूल्यवर्धनाची गोष्ट नव्हे, उपयोगच बदलला, म्हणून हे 'उत्पादन'.

हे निकाल कायद्याच्या दृष्टीने एकमेकांना छेद देत नाहीत, कारण प्रश्न निराळे आहेत: एकात वस्तू कोणत्या वर्गातली हे विचारले आहे, दुसऱ्यात ती नवी आहे का हे. परंतु वाचक म्हणून आम्हाला येथे एक ताण जाणवतो. वेष्टनावरची अक्षरे वस्तूचा वर्ग बदलण्याइतकी मोठी नाहीत, पण तिला जुन्याची नवी करण्याइतकी मोठी आहेत. कागद तोच, अक्षरे तीच. एका पातळीवर शेष, दुसऱ्या पातळीवर जन्मदात्री. आनंदवर्धनाने काव्याबद्दल जे म्हटले, ते पुड्याच्या कागदालाही लागू पडावे, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. दोन्हीकडे प्रश्न प्रधानाचा आहे.

६

हा सगळा पंडिती खल आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. २०११ पासून सीमाशुल्काचे स्वमूल्यांकन आयातदाराच्या माथी आले. बिल ऑफ एन्ट्री भरताना आपला माल कोणत्या शीर्षात बसतो, हे त्यानेच ठरवायचे असते. शीर्ष चुकले तर साधारणपणे दोन वर्षांपर्यंत, आणि मुद्दाम लपवले असा ठपका आला तर पाच वर्षांपर्यंत मागे जाऊन, शुल्क व व्याज मागता येते. मोठ्या कंपनीकडे सल्लागार असतात. पाऊच मागवणाऱ्या लहान उद्योजकाला मात्र 'दुय्यम' या एका शब्दाचा अर्थ स्वतःच्या जबाबदारीवर लावावा लागतो. २०२१ पासून मुंबई व दिल्ली येथे आगाऊ निर्णय देणारी प्राधिकरणे काम करू लागली आहेत. माल आणण्यापूर्वी त्यांना प्रश्न विचारता येतो, ही त्यातल्या त्यात सोय. दुसरीकडे, करसवलतीच्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर तिचा फायदा करदात्याला नव्हे, शासनाला मिळेल, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१८ मध्ये मुंबईच्या एका आयातदाराच्याच प्रकरणात ठरवले. शब्दाच्या धूसरपणाची किंमत कोणी मोजायची, याचे हे उत्तर आहे.

पुस्तकाच्या व्यवसायालाही या विभागणीची झळ लागते. वस्तू व सेवा कर आल्यावर, २० ऑक्टोबर २०१७ च्या एका परिपत्रकाने छपाईच्या कामाचे दोन भाग केले. मजकूर प्रकाशकाचा आणि कागद-शाई छापखान्याची असेल, तर पुस्तके, पुस्तिका, अहवाल यांच्या बाबतीत मुख्य व्यवहार छपाईच्या सेवेचा. पण पाकिटे, छापील खोकी, कागदी रुमाल यांच्यावर ग्राहकाने दिलेले चिन्ह वा मजकूर छापला असेल, तर मुख्य व्यवहार वस्तूचा. छापखाना एक, यंत्र एक. पुस्तकात कागद शब्दांची चाकरी करतो, पाकिटात शब्द कागदाची. त्यानंतर २०१९ च्या जुलैमधील अर्थसंकल्पाने परदेशातून येणाऱ्या पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क बसवले. ४९ व्या प्रकरणातले घर मिळाले म्हणजे आश्रय मिळाला, असे तेव्हापासून निश्चिंतपणे म्हणता येत नाही.

आता आम्ही सुरुवातीला काढलेल्या शंकेकडे येतो. वेष्टनाचे काम माल सांभाळण्याचे, आणि अक्षरे त्या कामाच्या हाताखाली: टीपेचा पाया हा आहे. वाणी पुडी बांधून देत असे त्या काळात ते खरेच होते. पुडीचा कागद बहुधा जुन्या वर्तमानपत्राचा, आणि त्यावरच्या बातमीचा आतल्या गुळाशी काही संबंध नसे. सूचीतही हा प्रवास दिसतो: वर्तमानपत्राचे शीर्ष ४९.०२, आणि त्याची रद्दी झाली की ४७.०७. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळण्यास २०१८ च्या अन्नसुरक्षा विनियमांनी मनाई केली, आणि अन्नापुरते तरी छापील कागदाचे ते दुसरे आयुष्य कायद्याने संपवले.

आजच्या पाऊचची स्थिती याच्या बरोबर उलट आहे. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार उत्पादकाचे, बांधणी करणाऱ्याचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, महिना व वर्ष, कमाल विक्री किंमत, तक्रारीसाठी संपर्क, हे सारे वेष्टनावर असलेच पाहिजे. म्हणजे कोऱ्या पाऊचमध्ये माल भरता येईल, पण किरकोळ बाजारात तो कायदेशीरपणे विकता येणार नाही. छपाई पुसून टाकण्याची कसोटी येथे लावली, तर उरलेली वस्तू आपले काम करते असे म्हणता येईल काय? एक कायदा ज्या अक्षरांना दुय्यम म्हणतो, तीच दुसरा कायदा अनिवार्य म्हणतो. आणि ही अनिवार्य अक्षरे देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावीत, इतर भाषा त्याखेरीज वापरता येतील, असा नियम आहे. मराठी त्या पाऊचवर आलीच तर जादाची म्हणून येते. दुय्यमातही दुय्यम असते ते असे.

तरीही पाऊचला ४९ व्या प्रकरणात न्यावे, असे आमचे म्हणणे नाही. तसे केले तर प्रत्येक छापील वस्तू पुस्तकाच्या शेजारी येऊन बसेल आणि मुद्रणाच्या प्रकरणाला अर्थच उरणार नाही. रोलाटेनर्सचा निर्णय या दृष्टीने योग्य होता असे आम्हाला वाटते. आमचा आग्रह वेगळा आहे. 'मुख्य उपयोग' हे वस्तूच्या अंगी जन्मतः असलेले लक्षण नाही. ते बाजार, कायदा आणि वाचक मिळून घडवतात आणि काळाबरोबर ते बदलते. चिटाच्या बाबतीत ते संसदेने बदलले. पुड्याच्या बाबतीत ब्रँडने आणि वजनमापाच्या नियमांनी. सूचीच्या आवृत्त्या काही वर्षांनी सुधारल्या जातात. प्लॅस्टिकच्या लेबलांना कागदी लेबलांसारखे स्वतःचे शीर्ष मिळाले, तरी निम्मे वाद मिटतील.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे इतकेच की, सकाळपासून रात्रीपर्यंत आपण जो छापील मजकूर सर्वाधिक हाताळतो, तो पुस्तकात नसून वेष्टनावर असतो. त्याला लेखक आहे, संपादक आहे, अनिवार्य व ऐच्छिक असा भेद आहे, आणि कोणती भाषा आधी व कोणती नंतर याचे राजकारणही आहे. तो साहित्य नाही, हे मान्य. पण शब्द कधी वस्तूच्या सेवेत असतात आणि वस्तू कधी शब्दांच्या, हा प्रश्न ज्याला पाऊचवर नीट विचारता येईल, त्याला तो कवितेवरही अधिक नेमकेपणाने विचारता येईल. मीमांसकांनी तो यज्ञाबद्दल विचारला, आलंकारिकांनी काव्याबद्दल. न्हावा-शेव्याला तो दररोज शुल्काच्या कागदावर विचारला जातो, आणि त्याच्या उत्तराचे पैसे कोणाला तरी भरावे लागतात.